दुसऱ्यास धीर देणें

वार्षिक परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशीं शाळेच्या व्हरांड्यांत उभें राहून पाहिल्यास एक गोष्ट तेव्हांच ध्यानांत येते. ज्या मुलास चांगले गुण मिळालेले असतात त्याच्याभोंवतीं दहा मुलें जमतात, त्याची पाठ थोपटतात, आणि त्याचे वडील चार लोकांस हांक मारून तो कागद दाखवितात. परंतु जो मुलगा नापास झालेला असतो तो भिंतीच्या कडेनें, कोणाच्या दृष्टीस पडूं नये अशा बेतानें, फाटकाकडे निघालेला असतो. त्याच्याजवळ कोणी जात नाहीं. कोणास त्याचा राग आलेला असतो असें नव्हे; त्याच्याशीं काय बोलावें हेंच कोणास सुचत नाहीं. वास्तविक पाहतां त्या दिवशीं मित्राची खरी गरज ह्या दुसऱ्या मुलास असते. पहिल्यास शाबासकी देणें सोपें आहे, कारण त्याचें यश पुढें दिसतच असतें. दुसऱ्यास धीर देणें कठीण, कारण तेथें अद्याप कांहींच दिसत नसतें.

ह्या कठीण कामाविषयीं ह्या वर्षाच्या अंकांत चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. आमच्या शाळेंत ख्रिस्ती मुलें आहेत, तशींच इतर धर्मांचीं मुलेंही आहेत. आम्ही ह्या विषयाकडे ख्रिस्ती जीवितक्रमाचा एक भाग म्हणून पाहतों, आणि त्याच दृष्टीनें येथें लिहिणार आहों. तथापि खचलेल्या मनास आधार द्यावा, हें कोणत्या धर्मास अमान्य आहे? तेव्हां ज्या वाचकांचा धर्म निराळा आहे त्यांनींही हा लेख आपलाच समजून वाचावा, अशी आमची विनंति आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, ख्रिस्ती आचरण म्हणजे प्रार्थना करणें, रविवारीं उपासनेस जाणें, दानधर्म करणें व वाईट गोष्टी टाळणें. ह्या गोष्टी आवश्यक आहेतच. परंतु नव्या करारांतील पत्रें जो लक्षपूर्वक वाचील त्यास असें दिसेल कीं, एकमेकांस धीर देण्याचा व दुर्बळांस आधार देण्याचा आग्रह त्यांत वारंवार केलेला आहे. थेस्सलनीका येथील मंडळीस लिहितांना पौलानें हें काम केवळ पुढाऱ्यांवर सोंपविलेलें नाहीं. तें सर्वांचेंच मानलेलें आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत तर तें रोजच्या रोज व्हावें असें सुचविलें आहे. कांहीं माणसांस ह्या कामाचें विशेष दान असतें हें खरें. परंतु ज्यास तें नाहीं त्याची ह्या कर्तव्यांतून सुटका होत नाहीं. गोड गळा सर्वांस नसतो, तरी उपासनेंत गीत सर्वांनींच गावयाचें असतें, तसेंच हें आहे.

आतां, धीर देणें म्हणजे नेमकें काय, हें पाहूं. नवा करार मूळ ग्रीक भाषेंत लिहिलेला आहे. त्यांत ह्या अर्थानें जें क्रियापद पुनःपुन्हां येतें तें 'पाराकालेओ' हें होय. 'पारा' म्हणजे बाजूस, आणि 'कालेओ' म्हणजे बोलावणें. बाजूस बोलावणें ह्या मूळ अर्थापासून विनंति करणें, बोध करणें, सांत्वन करणें, उत्तेजन देणें असे निरनिराळे अर्थ निघाले. ह्याच धातूपासून झालेला एक शब्द योहानाच्या शुभवर्तमानांत पवित्र आत्म्यास लाविलेला आहे, आणि आमच्या मराठी शास्त्रांत त्यासाठीं 'कैवारी' हा शब्द घेतलेला आहे. हा मराठी शब्द आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. जो कैवार घेतो तो दुरून उपदेश करीत नाहीं. तो येऊन बाजूस उभा राहतो, आणि ह्या मनुष्याविषयीं जें बोलावयाचें असेल तें प्रथम माझ्याशीं बोला, असें लोकांस सांगतो. धीर देण्याचें मर्म ह्यांत आहे. गोड शब्द बोलणें हा त्याचा एक लहानसा भाग झाला. दुसऱ्याच्या बाजूस उभें राहणें आणि प्रसंगीं त्याच्यासाठीं आपली पत लावणें, हा त्याचा गाभा होय.

पत लावणें म्हणजे काय, हें पालकवर्गास समजावून सांगावयास नको. एखाद्यानें कर्ज काढलें व आपण त्यास जामीन राहिलों, तर तो बुडाला असतां आपणही बुडतों. दुसऱ्यास धीर देणें हा अशाच प्रकारचा एक जामीनपणा आहे. ही गोष्ट ज्याच्या चरित्रांत अगदीं स्पष्ट दिसते असा एक मनुष्य प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकांत आढळतो. त्याचें चरित्र थोडक्यांत सांगतों.

त्या मनुष्याचें जन्मनांव योसेफ. तो लेवी वंशांतला असून कुप्र बेटांत जन्मलेला होता. परंतु त्याचें हें नांव आज फारसें कोणास आठवत नाहीं, कारण प्रेषितांनीं त्यास बर्णबा हें दुसरें नांव दिलें. लूकानें त्याचा अर्थ धीर देण्याचा, उत्तेजनाचा पुत्र असा सांगितला आहे. आपल्याकडे गांव एखाद्यास नांव ठेवतें तें बहुधा त्याच्या एखाद्या व्यंगावरून. येथें मंडळीच्या पुढाऱ्यांनीं एका मनुष्यास त्याच्या सद्गुणावरून नांव दिलें. त्याच्याविषयीं पहिली हकीकत येते ती ही कीं, त्यानें आपलें शेत विकलें, व आलेला पैसा प्रेषितांच्या चरणांपाशीं आणून ठेविला. त्या काळीं अशा पैशांतून मंडळींतील गरजूंस वांटणी होत असे. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पौलाच्या सोबतीनें तो बोलला असे शब्द त्या पुस्तकांत आहेत. परंतु एकट्या बर्णबाच्या तोंडचें असें एकही वाक्य लूकानें जसेंच्या तसें दिलेलें नाहीं. धीर देण्याविषयीं ज्याचा लौकिक झाला त्याचे शब्द मागें राहिले नाहींत. त्याच्या कृति तेवढ्या राहिल्या.

त्यांतील सर्वांत मोठी कृति शौलाच्या संबंधांतली आहे. शौल हा ख्रिस्ती मंडळीचा कट्टा वैरी होता. स्तेफनाच्या वधास त्याची संमति होती, आणि तो घरोघर शिरून स्त्रीपुरुषांस ओढून तुरुंगांत टाकीत असे. पुढें दिमिष्काच्या वाटेवर त्यास प्रभूचें दर्शन होऊन त्याचें अंतःकरण पालटलें, व तो यरुशलेमेस आला. तेथें तो शिष्यांत मिसळूं लागला, तेव्हां सर्व त्यास भीत होते. हा खरोखर शिष्य झाला आहे असें कोणास पटेना. ह्यांत शिष्यांस दोष देतां येत नाहीं. ज्यानें आपल्या माणसांस तुरुंगांत घातलें त्याचें हें नवें सोंग नसेल कशावरून? अशा वेळीं बर्णबा पुढें झाला. तो शौलास प्रेषितांकडे घेऊन गेला, आणि त्याची सर्व हकीकत त्यानें स्वतः त्यांस सांगितली. शौल खोटा ठरता तर बर्णबाचा लौकिक तर बुडालाच असता, पण कित्येकांच्या जिवावरही बेतलें असतें. एवढें सर्व दांवावर लावून तो त्याच्या बाजूस उभा राहिला. हाच शौल पुढें पौल झाला. ज्याचीं पत्रें आज जगभर वाचलीं जातात त्यास यरुशलेमेच्या मंडळींत प्रथम जागा मिळाली, ती एका मनुष्यानें दिलेल्या जामिनावर.

कांहीं काळानें सूरियांतील अंत्युखिया शहरीं यहूदी नसलेले लोकही विश्वास ठेवूं लागले. हें वर्तमान यरुशलेमेस गेलें तेव्हां तेथील मंडळीनें बर्णबास तिकडे पाठविलें. पाहणीसाठीं आलेल्या मनुष्याची दृष्टि बहुधा दोषांकडे जाते; आम्हां शिक्षकांस हा अनुभव आहे, आणि आमच्या वह्या तपासण्याच्या पद्धतीवरून तो आमच्या विद्यार्थ्यांसही असेल. त्या नव्या मंडळींत दोष नव्हते असें नाहीं. परंतु बर्णबाच्या नजरेस प्रथम पडली ती देवाची कृपा, आणि तो आनंदित झाला. त्या लोकांस शिकविण्यास योग्य मनुष्य कोण, ह्याचा विचार करून तो तार्सास गेला, शौलास शोधून काढलें, आणि त्यास घेऊन आला. पुढें वर्षभर दोघांनीं मिळून तेथें शिकविलें. शिष्यांस ख्रिस्ती हें नांव प्रथम त्याच शहरीं पडलें. वाचकहो, आपण ज्या नांवानें ओळखले जातों तें नांव जेथें पडलें त्या मंडळीच्या पायाशीं हा धीर देणारा मनुष्य उभा आहे, हें विसरूं नये.

ह्यानंतर पुस्तकांत एक बारीकसा फरक होतो. आरंभीं लूक 'बर्णबा व शौल' असें लिहितो. ते दोघे कुप्र बेटांतून पुढें निघाल्यावर तो बहुधा 'पौल व बर्णबा' असें लिहूं लागतो. ज्यास हात धरून आणलें तोच पुढें गेला, आणि आणणाऱ्याचें नांव मागें पडलें. ह्याबद्दल बर्णबानें खंत केल्याचा उल्लेख नाहीं. दुसऱ्यास धीर देणें एक वेळ जमेल. परंतु तो आपल्यापुढें गेल्यावर संतोष मानणें ही त्या धीराची खरी कसोटी आहे. आपण शिकविलेल्या गणितांत मित्रास आपल्यापेक्षां अधिक गुण पडले तर आपल्यास कसें वाटतें, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या मनाशीं विचारून पाहावें.

बर्णबाची तिसरी गोष्ट योहान मार्काची. हा त्याच्या नात्यांतला तरुण त्या दोघांबरोबर प्रवासास निघाला, परंतु पंफुल्यांतील पिर्गा येथून त्यांस सोडून घरीं परत गेला. पुढें दुसऱ्या प्रवासाची तयारी होऊं लागली तेव्हां त्यास पुन्हां बरोबर घ्यावें असें बर्णबाचें मत पडलें. जो मध्येंच सोडून गेला त्यास नेऊं नये, असें पौल म्हणाला. पौलाचें म्हणणें गैरवाजवी नव्हतें. प्रवास संकटांचा होता. वाद एवढा वाढला कीं दोघे वेगळे झाले. पौलानें सीलास घेतलें. बर्णबा मार्कास घेऊन कुप्रास गेला. ह्या दोघांचें काम पुढें कसें चाललें हें लूक सांगत नाहीं. परंतु पौलाच्या नांवावर असलेल्या नंतरच्या पत्रांत मार्काचा उल्लेख सहकारी म्हणून येतो, आणि तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत तर मार्कास घेऊन ये, तो सेवेसाठीं आपल्यास उपयोगी आहे, अशा अर्थाचा निरोप आहे. नव्या करारांतील दुसरें शुभवर्तमान ह्याच मार्काचें, असें मंडळी प्राचीन काळापासून मानीत आली आहे. आणि चारी शुभवर्तमानांत तेंच प्रथम लिहिलें गेलें, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. वाटेंतून परत फिरलेल्या मुलास कोणी पुन्हां सोबत घेतलेंच नसतें, तर पुढें काय झालें असतें?

बर्णबाविषयीं हें सर्व सांगितल्यावर त्याचा एक दोषही सांगितला पाहिजे, कारण त्यापासून बोध घेण्यासारखा आहे. जो सर्वांस धीर देतो त्यास सर्वांस खूष ठेवण्याचा मोह होतो. एकदां अंत्युखियांत यरुशलेमेहून कांहीं यहूदी आले, तेव्हां त्यांच्या भीडेनें पेत्रानें यहूदी नसलेल्या बांधवांबरोबर जेवणें सोडलें, आणि बर्णबाही त्यांत ओढला गेला. पौलानें ह्याबद्दल पेत्रास सर्वांसमक्ष बोल लाविला. तेव्हां धीर देणें आणि भीड बाळगणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. चूक असेल तेथें चूक म्हटलीच पाहिजे. प्रश्न एवढाच कीं, ती चूक आपण त्या मनुष्याच्या बाजूस उभे राहून सांगतों, कीं त्याच्या समोर, विरुद्ध बाजूस, उभे राहून सांगतों.

हा भेद आम्हांस पुस्तकांतून कळला नाहीं. तो कसा कळला तें सांगणें भाग आहे, जरी सांगण्यांत आनंद नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, आम्ही शिक्षकाच्या पेशांत नवीनच पडलों होतों तेव्हां, सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याच्या घरीं कोणी शिकलेलें नव्हतें. तो धडा वाचावयास उभा राहिला कीं अडखळे. जोडाक्षर आलें कीं थांबे, आणि वर्ग हंसे. एके दिवशीं तपासणी जवळ आल्यामुळें आम्ही त्रासलेले होतों. तो अडखळतांच आम्हीं त्याच्या हातचें पुस्तक काढून घेतलें, आणि सर्व वर्गासमोर म्हणालों, "खालीं बस. वाचणं तुझ्या नशिबांत नाहीं." वर्ग हंसला. आम्हीं तास पुढें चालविला, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट विसरूनही गेलों. पुढच्या वर्षीं तो मुलगा शाळेंत आला नाहीं. हजेरीपटांतून त्याचें नांव कमी झालें, एवढेंच.

गेल्या जून महिन्यांत कचेरीच्या दाराशीं एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन उभे होते. त्यांनीं वांकून नमस्कार केला व विचारलें, "सर, ओळखलंत का?" आम्हांस ओळख पटेना, तेव्हां त्यांनींच नांव सांगितलें. मोटारसायकली दुरुस्त करण्याचें त्यांचें दुकान आहे व तें बरें चालतें. मुलीस पांचवींत घालावयाचें होतें. प्रवेशाचा अर्ज आमच्यापुढें करून ते हळूच म्हणाले, "सर, एवढा तुम्हीच वाचून भरा. चार माणसांत वाचायचं म्हटलं कीं माझ्या घशाला अजून कोरड पडते." त्या बोलण्यांत राग नव्हता, उन्हाळ्यांत ऊन लागतें असें सांगावें तसे ते बोलले. आम्हीं अर्ज भरला. हात थरथरत होता. मग आम्हीं त्यांस बाजूस नेऊन त्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. ते क्षणभर गप्प राहिले, आणि म्हणाले, "असूं द्या सर. तुम्हीही तेव्हां नवेच होता." जातांना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनीं एवढेंच सांगितलें, "पोरगी वाचते, पण हळू वाचते. तिला जरा वेळ द्या."

आम्ही जें संध्याकाळपर्यंत विसरलों तें त्या मनुष्यानें वीस वर्षें वागविलें होतें. शब्द उच्चारणाऱ्याच्या वहींत त्याचा खर्च मांडलेला नसतो. तो ऐकणाऱ्याच्या वहींत मांडलेला असतो.

कोणी म्हणेल, शास्त्रांतले थोर पुरुष प्राचीन काळचे, आणि आमच्यासारखे शिक्षक हे असे. मग हें काम साधतें तरी कोणास? ह्यास उत्तर म्हणून आपल्या महाराष्ट्रांतील एका घराकडे बोट दाखवितां येतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, व पुढें ते पुष्कळ वर्षें अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, राहिले. त्या काळीं खानदेशांतील त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाचा एक तरुण कविता करीत असे. १९०७ सालीं जळगांव येथें भरलेल्या कविसंमेलनांत त्याची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ह्यांनीं त्यास 'बालकवि' हें नांव दिलें, आणि महाराष्ट्र त्यास त्याच नांवानें ओळखूं लागला. संमेलनांतल्या टाळ्या संध्याकाळीं थांबतात. त्यानंतर त्या तरुणानें राहावें कोठें व जेवावें कोणाकडे? टिळकांनीं त्यास अहमदनगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि लक्ष्मीबाईंनीं त्यास मुलाप्रमाणें वागविलें. तो हिंदु होता व हिंदूच राहिला. त्या घरीं जागा मिळण्यास ही गोष्ट आड आली नाहीं. बालकवि १९१८ सालीं, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, आगगाडीच्या अपघातांत वारले. परंतु त्यांच्या कविता मराठी मुलें पिढ्यान् पिढ्या पाठ करीत आलीं आहेत.

त्याच घरांतलें दुसरें उदाहरण स्वतः लक्ष्मीबाईंचें (१८६८–१९३६). त्या लहानपणीं शाळेंत गेलेल्या नव्हत्या; त्यांस लिहावयास वाचावयास शिकविलें तें टिळकांनीं. टिळक वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' हें काव्य सुरुवातीच्या सुमारें दहा अध्यायांवर अपुरें राहिलें होतें. त्यांत लक्ष्मीबाईंनीं ६४ अध्यायांची भर घातली, व १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. १९३४ पासून भागाभागानें निघालेलीं त्यांचीं 'स्मृतिचित्रें' तर मराठी वाङ्मयांत अढळ स्थान मिळवून बसलीं आहेत. त्या पुस्तकांत त्यांनीं टिळकांचा तापट स्वभावही लपविलेला नाहीं. ह्यावरून आम्हां सर्वांस दिलासा मिळण्यासारखा आहे. दुसऱ्यास हात देणारा मनुष्य निर्दोष असावा लागतो, असें नाहीं. चुका होऊनही ज्यानें धरलेला हात सोडला नाहीं, तो पुरे.

आतां हें काम रोजच्या आयुष्यांत कसें करावयाचें, ह्याविषयीं थोडें सांगून लेख आटोपता घेतों.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याजवळ विकावयास शेत नाहीं. परंतु पत आहे. वर्गांत प्रत्येकाची कांहींना कांहीं पत असते. ज्याच्याशीं कोणी बोलत नाहीं अशा नव्या मुलाशेजारीं तुम्ही मधल्या सुटींत डबा घेऊन बसलां, तर तुमची पत त्याच्या कामीं आली. एखादा अडखळला आणि सर्व वर्ग हंसला तरी तुम्ही हंसलां नाहीं, तर वर्ग सुटण्यापूर्वीं तें त्याच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. कोणावर खोटा आळ आला व तुम्हांस खरें ठाऊक आहे, तर उभे राहून तें शिक्षकांस सांगा. बर्णबानें केलें तें हेंच. आणि निकालाच्या दिवशीं जो भिंतीच्या कडेनें निघाला असेल त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चाला. काय बोलावें हें सुचलें नाहीं तरी चालेल. बरोबर चालणें हेंच पुष्कळ असतें.

एक सावधगिरी मात्र ठेवा. धीर देण्याच्या नांवाखालीं खोटें बोलूं नका. ज्यास हिशेब येत नाहीं त्यास 'तुला सर्व येतें' असें म्हणणें म्हणजे त्यास फसविणें होय. त्याऐवजीं, 'हें तुला आज येत नाहीं. संध्याकाळीं बस, दोघे मिळून करूं,' असें म्हणा. पहिल्या वाक्यास कांहीं मोल पडत नाहीं. दुसऱ्यास तुमची एक संध्याकाळ पडते. ज्या धीरास आपलें कांहींच खर्चीं पडत नाहीं त्याचा दुसऱ्यासही फारसा उपयोग होत नाहीं.

पालकहो, आपल्या मुलांची तुलना शेजाऱ्याच्या मुलाशीं करूं नका. त्या तुलनेनें मुलगा पुढें जात नाहीं. तो शेजाऱ्याच्या मुलाचा द्वेष मात्र करूं लागतो. 'तूं हुशार आहेस' असें मोघम म्हणण्यापेक्षां, त्यानें खरोखर केलेली एखादी गोष्ट बघून तिचें नांव घ्या: आज तूं न सांगतां अभ्यासास बसलास, आज तूं धाकट्या बहिणीस पाढे म्हणून दाखविलेस. मोघम स्तुति मुलें लवकर ओळखतात. पाहिलेल्या गोष्टीचा उल्लेख तीं जपून ठेवतात. आणि मुलगा नापास होऊन घरीं आला तर त्या रात्रीं त्यास आपल्याबरोबर जेवावयास बसवा. बोलावयाचें तें दुसऱ्या दिवशीं बोलतां येईल. घरच्या माणसांनीं आपली बाजू सोडलेली नाहीं, एवढें त्यास त्या रात्रीं कळलें पाहिजे.

ख्रिस्ती वाचकांस आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपण दुसऱ्यास धीर देतों तो आपल्या मोठेपणामुळें नव्हे. पेत्रानें तीनदां प्रभूस नाकारलें. तरी प्रभूनें त्याच्यासाठीं आधींच प्रार्थना केली होती, आणि तूं वळलास म्हणजे आपल्या भावांस स्थिर कर, अशा अर्थाचें काम त्याच्यावर आधींच सोंपविलें होतें. म्हणजे पडण्यापूर्वींच त्याच्या पुन्हां उठण्याचा जामीन दिलेला होता. ज्यास स्वतःस असा कैवारी मिळाला आहे त्यानें दुसऱ्याचा कैवार घेतांना कां कचरावें?

त्या दुकानदार गृहस्थांची आठवण आम्हांस वरचेवर होते. त्यांनीं बर्णबाची गोष्ट ऐकली असेल कीं नाहीं, ठाऊक नाहीं. परंतु ज्या शिक्षकानें त्यांच्या हातचें पुस्तक काढून घेतलें त्याच शिक्षकाच्या हातीं त्यांनीं आपली मुलगी आणून दिली. वाटेंतून परत फिरलेल्या मार्कास बर्णबानें दिली तशी दुसरी संधि त्यांनीं आम्हांस दिली. आम्ही शिक्षक, आणि धीर त्यांनीं आम्हांस दिला.

ती मुलगी ह्या वर्षीं आमच्या वर्गांत आहे. तिची पाळी आली म्हणजे ती उभी राहून वाचते, आणि जोडाक्षर आलें कीं थांबते. आम्हीही थांबतों, आणि वर्गही थांबतो. कांहीं वेळानें ती तें अक्षर स्वतःच उच्चारते व पुढें वाचूं लागते.